शहरातल्या खारींबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

गेली सहा-सात वर्षं मी आमच्या कोथरूडच्या जुन्या सोसायटीतल्या खारी बघतेय, वहीत नोंदी ठेवतेय, आणि आता अशी वेळ आलीये की कुणाला पिल्लू सापडलं, कुणाच्या एसीत घरटं झालं की पहिला मेसेज मला येतो. प्रश्न बरेचसे तेच असतात, म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवलेत. आत्ता या क्षणी तुमच्या हातात पिल्लू असेल तर बाकी सगळं सोडा, सरळ प्रश्न ९ वर जा.

१. आपल्याकडे बिल्डिंगमध्ये दिसते ती खार नक्की कोणती? तीन पट्ट्यांची की पाच?

दोन्ही आहेत. महाराष्ट्रात तीन पट्ट्यांची पण सापडते आणि पाच पट्ट्यांची पण, आणि लांबून बघितलं तर दोघी सेमच वाटतात. पाठीवर मधे तीन फिकट पट्टे दोघींनाही असतात, पाचवालीला दोन्ही कुशींवर, जरा खाली, अजून एकेक पट्टा असतो. त्यामुळे वरून काढलेल्या फोटोवरून ओळखायला गेलं की हमखास चूक होते, बाजूने फोटो काढा. वजन साधारण शंभर ग्रॅम, म्हणजे दोन अंडी तळहातावर ठेवली तर जेवढं लागेल तेवढंच. कोकणात, गोव्यात हिला चानी म्हणतात. शास्त्रीय नाव फुनॅम्ब्युलस, लॅटिनमधे त्याचा अर्थ दोरीवरून चालणारा, आणि केबलच्या वायरीवरून एका बिल्डिंगवरून दुसऱ्या बिल्डिंगवर जाणारी खार ज्याने बघितलीये त्याला हे नाव वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

२. शेकरू पण खारच ना? मग ते शहरात का दिसत नाही?

हो, शेकरू खारीच्याच कुळातलं, आपला राज्यप्राणी, आणि त्याच्यासाठीच भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ मधे जाहीर झालं. पण त्याचं राहणं पार वेगळं. दीड-दोन किलोचा प्राणी, उंच झाडांच्या शेंड्यांवर आयुष्य काढतो, जमिनीवर क्वचितच उतरतो. त्याला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जायला वरच्या वर सलग फांद्या लागतात. मधे रस्ता आला, पार्किंग आलं, की त्याच्यासाठी तिथे जंगल संपलं. आपली पट्टेवाली खार मात्र झाड संपलं की खाली उतरते, कंपाउंडच्या भिंतीवरून पळते आणि पुढचं झाड गाठते. एक शहरात का आहे आणि दुसरं का नाही याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

३. मग ही खार शहरात एवढी कशी काय रमली?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे ही घनदाट जंगलातली नाहीच. विरळ झाडी, माळ, वाड्या, देवराईच्या कडा, गावाबाहेरची चिंच-आंब्याची झाडं ही तिची मूळ जागा. आता आपली जुनी शहरं आठवून बघा, वाड्यातलं परसदार, रस्त्याकडेचे वड-पिंपळ, देवळामागचा उंबर, बंगल्यातला आंबा, शेवगा. तिच्या दृष्टीने ते तिचंच गाव होतं, फक्त मधे घरं जास्त. म्हणजे ती शहरात "आली" असं मला वाटतच नाही, शहर तिच्याभोवती वाढलं आणि तिने ते वापरायला घेतलं.

दुसरं, खाण्याचे नखरे नाहीत (प्रश्न ५ बघा). तिसरं, घरट्याला झाडाची ढोलीच पाहिजे असं नाही, आडोसा आणि उंची मिळाली की बस, मग तो मीटरबोर्डचा कोपरा असो की माळ्यावरचं खोकं. चौथं, विण पटापट होते. पाच-सहा आठवड्यांत पिल्लं होतात, एका वेळी साधारण दोन-तीन, आणि वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा, त्यामुळे एखादी विण कावळ्याने नेली तरी मादी परत उभी राहते. पाचवं, ती दिवसा वावरते. रात्री कुत्री, मांजरं, घुबडं फिरत असतात तेव्हा ही घरट्यात झोपलेली असते.

आणि एक गोष्ट जी पुस्तकात कमी येते पण मला फार मोठी वाटते, आपल्याकडे खारीला कुणी मारत नाही. उंदीर दिसला की झाडू उचलणारी आजी खार दिसली की नातवाला हाक मारून दाखवते. दोघं कृंतकच, दोघंही कुरतडणारे, पण एकाला सापळा आणि दुसरीला शेंगदाणा. यामागे रामायणाची गोष्ट आहेच (प्रश्न १५).

एवढं सगळं असलं तरी झाड लागतंच. मी आमच्या भागातल्या वीसेक सोसायट्यांमधे हिंडून बघितलंय, जिथे मोठी झाडं एकमेकांना टेकलेली आहेत तिथे खारी आहेत, आणि जिथे नुसती पाम आणि लॉन आहे तिथे लोक कितीही दाणे टाकोत, खार फिरकत नाही.

४. भिंतीवरून डोकं खाली करून कशी काय उतरते? पडत नाही?

तिचे मागचे घोटे उलटे वळतात. उतरताना मागचे पाय मागे वळवून ती नख्या वरच्या बाजूला रुतवते, म्हणजे अख्खी खार मागच्या पायांवर टांगलेली असते आणि पुढचे पाय मोकळे. मांजराला हे जमत नाही, म्हणून मांजर झाडावर चढतं भराभर आणि उतरताना रडतं. खडबडीत प्लास्टर, विटा, पाइप यावर तिची पकड उत्तम बसते, काच आणि गुळगुळीत टाइल्सवर नाही. शेपूट तोल सांभाळायला. पडते कधीकधी, पण वजन इतकं कमी आणि अंग असं पसरते की दुसऱ्या मजल्यावरून पडून लगेच पळालेली मी स्वतः बघितलीये.

५. शहरात ती खाते तरी काय?

बिया, फळं, कोवळे कोंब, कळ्या, साल, किडे, मुंग्या, वाळवी, फुलातला मध. संधी मिळाली तर पक्ष्यांची अंडी आणि अगदी लहान पिल्लंसुद्धा, आणि हे वाचून बऱ्याच जणांना धक्का बसतो, पण ते तसंच आहे, ती पूर्ण शाकाहारी नाही.

फेब्रुवारी-मार्चमधे काटेसावर किंवा पांगारा फुललेला असेल तर सकाळी सातला त्याखाली जाऊन उभे राहा. खार फांदीच्या टोकाला उलटी लटकते, फूल दोन्ही हातांनी धरते, तोंड पार आत घालते आणि बाहेर काढते तेव्हा नाकापासून कपाळापर्यंत परागकणांनी पिवळी झालेली असते, आणि तशीच पुढच्या फुलात शिरते. काही वेळा मात्र फूल सरळ देठापासून तोडते, चाटते आणि खाली टाकते. उंबर, पिंपळ, वड पिकले की दोन-तीन आठवडे तिचा मुक्काम तिथेच.

६. आम्ही रोज बिस्कीट, शेव, भात ठेवतो, खाते आवडीने. चालेल ना?

खाते म्हणजे चालतं असं नाही. बिस्कीट, फरसाण, खारे दाणे, ब्रेड, चॉकलेट, हे काहीच नको. मीठ आणि साखर शंभर ग्रॅमच्या शरीराला फार होते. नुसत्या दाण्यांवर वाढणाऱ्या खारींची हाडं कॅल्शियम कमी पडून ठिसूळ होतात, घरात पाळलेल्या पिल्लांमधे हे हमखास दिसतं. शिवाय रोज एका जागी खाणं ठेवलं की कावळे, कबुतरं आणि मांजरं पण ती जागा लक्षात ठेवतात, आणि पिल्लं पहिल्यांदा बाहेर पडतात तेव्हा कावळा आधीच कठड्यावर बसलेला असतो.

द्यायचंच असेल तर कधीमधी, रोज नाही, बिनमिठाचे कच्चे शेंगदाणे सालासकट चार-पाच, पेरूची फोड, मक्याच्या कणसाचा तुकडा. त्यापेक्षा पाणी ठेवा. उथळ मातीचं भांडं, आत एक दगड म्हणजे कुणी बुडणार नाही, रोज धुऊन. एप्रिल-मेमधे पाण्याइतकं दुसरं काहीच कामाला येत नाही.

७. दिवसभर चिक-चिक-चिक करत बसते, डोकं उठतं. कशासाठी?

बहुतेक वेळा तो इशारा असतो. खाली मांजर, वर शिक्रा, झाडावर धामण. मांजर हललं नाही तर ती पाव-पाव तास ओरडते, आणि प्रत्येक "चिक"ला शेपूट झटकते, नीट बघा, आवाज आणि शेपटीचा ठेका एकच असतो. त्या आवाजाने आजूबाजूचे पक्षी सावध होतात. सातभाईंचा थवा आणि खारी तर एकाच झाडाखाली चरताना खूपदा दिसतात, एकाने आरडाओरडा केला की दुसरे पळतात, दोघांचाही फायदा. विणीच्या काळात एका मादीमागे तीन-चार नर पळत असतात तेव्हाही कलकलाट असतो, पण तो पळापळीचा, सलग एका जागेवरून येणारा नाही. तेव्हा पुढच्या वेळी खार एका जागी बसून ओरडत असली तर ती कुठे बघतेय ते बघा. मला आयुष्यात पहिल्यांदा नाग दाखवला तो खारीने, आमच्याच पंपरूमच्या मागे.

८. एसीच्या युनिटमधे / गॅलरीत / एक्झॉस्ट फॅनमधे घरटं केलंय. काढून टाकू का?

शक्य असेल तर दोन-अडीच महिने थांबा. तेवढ्यात पिल्लं मोठी होऊन आपसूक निघून जातात आणि मग घरटं काढून जागा जाळीने बंद करता येते. पिल्लांना एकटी आईच सांभाळते, नर मदतीला नसतो, त्यामुळे ती घाबरून निघून गेली तर मागे कुणी नाही.

आमच्याकडे झालं ते सांगते. दारासमोरचं काथ्याचं पायपुसणं एका कोपऱ्यातून विरळ व्हायला लागलं, मला वाटलं झाडणारीने ओढलं असेल. मग एका दुपारी जिन्यात आवाज न करता बसून राहिले. खार आली, इकडे तिकडे बघितलं, दातांनी काथ्याचा पुंजका उपसला, मागच्या पायांवर बसून पुढच्या दोन्ही हातांनी त्याची गोल गुंडाळी करत करत तोंडात कोंबली, इतकी की दोन्ही बाजूंनी मिशा फुटल्यासारख्या दिसत होत्या, आणि ग्रिलवरून वर. पंचवीस मिनिटांत अकरा फेऱ्या. घरटं होतं चपलांच्या रॅकवरच्या जुन्या हेल्मेटमधे. आत काथ्या, उशीचा कापूस, लोकरीचे तुकडे, टूथब्रशच्या पाकिटाचा प्लास्टिक, माझ्या मुलीच्या राखीचा गोंडा पण. हेल्मेट आम्ही तसंच ठेवलं, पावसाळाभर दुसरं वापरलं. ऑगस्टमधे तीन चेहरे एका ओळीत बाहेर डोकावले तेव्हा वरच्या मजल्यावरच्या काकूसुद्धा, ज्यांनी आधी खूप तक्रार केली होती, रोज संध्याकाळी खाली यायला लागल्या.

थांबणं शक्यच नसतं अशा तीन जागा आहेत. चालू असलेला एक्झॉस्ट फॅन, गिझर किंवा मीटरची उघडी वायरिंग, आणि एसीच्या युनिटचा पंखा. तिथे आधी स्विच बंद करा, आणि घरटं रिकामं असेल, म्हणजे नुसतं बांधणं चालू असेल, तर लगेच काढा, ती दुसरीकडे बांधेल. पिल्लं असतील तर अख्खं घरटं उचलून लहान खोक्यात ठेवा, खोक्याला बाजूने मुठीएवढं भोक, आणि त्याच जागेपासून हात-दोन हातांवर सावलीत पक्कं बांधा. हे सकाळी करा, म्हणजे आईकडे शोधायला पूर्ण दिवस असतो. बहुतेक वेळा ती पिल्लं तोंडात धरून एकेक करून दुसऱ्या घरट्यात नेते.

९. पिल्लू खाली पडलंय. काय करू?

घाई नको, पण ही क्रमवारी पाळा. आधी बघा जखम आहे का, मुंग्या लागल्यात का, मांजराने धरलं होतं का. यातलं एकही असेल तर वाट बघू नका, मांजराच्या दातांची जखम टाचणीएवढी दिसते पण त्यातून झालेला संसर्ग एक-दोन दिवसांत पिल्लाचा जीव घेतो. वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे, तिथे फोन करा किंवा शहरातल्या वन्यजीव बचाव संस्थेकडे न्या.

जखम नसेल तर पहिलं काम ऊब. पिल्लू गार लागत असेल तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्या शेजारी ठेवा, अंगावर नाही, आणि मऊ सुती कापड. टॉवेल नको, धाग्यात नख्या अडकतात. गार पिल्लाला काहीही भरवायचं नाही, पचत नाही. उबदार झालं की उघड्या खोक्यात घालून ज्या झाडाखाली सापडलं त्याच झाडाला, मांजर पोचणार नाही अशा उंचीवर बांधा आणि तुम्ही लांब जा, खरंच लांब, मोबाईल घेऊन खाली उभे राहू नका. आई येते. माणसाचा हात लागला म्हणून ती पिल्लू टाकून देते हे खरं नाही, मी सात वेळा तरी आईला परत नेताना बघितलंय.

अंधार पडला असेल तर ती रात्री येणार नाही. पिल्लू घरात ऊबेला ठेवा, उजाडलं की परत झाडाला बांधा. दुपारपर्यंत आली नाही तर हेल्पलाइन.

दूध? गाईचं-म्हशीचं दूध नको, जुलाब होतात. आणि ड्रॉपरने तोंडात काहीही सोडू नका, ते फुप्फुसात जातं. मला पाठवलेल्या पिल्लांपैकी जी गेली त्यातली बरीचशी उपाशी राहून गेली नाहीत, प्रेमाने पाजलेल्या दुधाने गेली, आणि ते त्या माणसांना सांगताना मला दर वेळी त्रास होतो, म्हणून इथे इतकं स्पष्ट लिहितेय.

१०. पिल्लू आता आम्हाला लागलंय, खांद्यावर बसतं. पाळलं तर?

नका पाळू. तो रानटी प्राणी आहे, वयात आला की चावायला, ओरबाडायला लागतो, आणि तो वाईट झाला असं काही नसतं, त्याला आता त्याचा इलाका आणि जोडीदार पाहिजे असतो. तोपर्यंत त्याला मांजराची भीती शिकवायला कुणी नव्हतं, त्यामुळे थेट सोडून दिला तर दोन दिवस टिकत नाही. लवकर, म्हणजे डोळे उघडून महिना व्हायच्या आत, बचाव संस्थेकडे द्या, तिथे इतर पिल्लांबरोबर वाढवून मोठ्या पिंजऱ्यातून हळूहळू सोडतात. तुमची मुलं रडतील, आमची पण रडली होती.

११. खार चावली. रेबीजचं इंजेक्शन घ्यावं लागेल का?

खार, उंदीर, ससा अशा लहान प्राण्यांमधे रेबीज जवळजवळ सापडतच नाही, आणि त्यांच्यामुळे माणसाला झाल्याचं दिसून आलेलं नाही, म्हणून सहसा लागत नाही. पण निर्णय डॉक्टरांचा. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा, धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं आहे का ते ते बघतील. खार विचित्र वागत होती, काही कारण नसताना अंगावर आली, असं असेल तर ते आवर्जून सांगा. बहुतेक चावे प्रश्न ९ मधल्या प्रसंगातच होतात, घाबरलेलं पिल्लू उघड्या हाताने उचलताना, त्यामुळे जाड फडकं वापरा.

१२. वायफायची केबल, गाडीची वायर, नळीचं प्लास्टिक, सगळं कुरतडते. का? आणि उपाय काय?

तिचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवले नाहीत तर तिला तोंड मिटता येणार नाही. झाडाची साल, कडक बिया हे त्यासाठीच, आणि ते कमी पडलं किंवा वायर वाटेत आली की वायर. अमेरिकेत तर खारीमुळे वीज जाऊन नॅसडॅकचा शेअर बाजार दोनदा बंद पडलाय, १९८७ मधे ८२ मिनिटं आणि १९९४ मधे ३४ मिनिटं, त्यामुळे तुमच्या राउटरची केबल गेली तर तुम्ही एकटे नाही.

उपाय साधा आहे. बाहेरून येणारी केबल जाड पीव्हीसी पाइपातून किंवा लोखंडी फ्लेक्सिबल पाइपातून घ्या. गाडी आठवडाभर झाडाखाली उभी ठेवू नका, बॉनेटखाली उबेला येतात. फिनाइल, मिरची, डांबरगोळ्या यांचा परिणाम दोन दिवस. उंदराचं औषध आणि चिकट पॅड अजिबात नको. चिकट पॅडवर अडकलेली खार मी बघितलीये, सुटायच्या धडपडीत पोटाची कातडी निघाली होती. अडकलेली सापडलीच तर ओढू नका, उरलेल्या चिकट भागावर कागद टाका म्हणजे अजून चिकटणार नाही, आणि तशीच पॅडसकट बचाव संस्थेकडे न्या.

१३. टेरेसवरचे चिकू, पेरू, डाळिंब एक शिल्लक ठेवत नाही. जाळी लावू का?

लावा, पण नायलॉनची सैल, बारीक दोऱ्याची जाळी लावू नका, त्यात खार, पक्षी, साप सगळे गुंततात आणि उन्हात मरतात. ताणून बसवलेली, ताठ, बारीक भोकांची लोखंडी जाळी चालते. फळांसाठी सगळ्यात बरं म्हणजे प्रत्येक फळाला कापडी पिशवी बांधणं, जुन्या मलमलच्या ओढणीच्या शिवल्या तरी पुरतात. कुंडीतली माती उकरते त्याला वर नारळाच्या करवंट्यांचे तुकडे किंवा मोठे गोटे पसरा. मी शेंड्याची चार फळं उघडीच ठेवते, खालच्यांना पिशव्या.

१४. थंडीत खारी झोपी जातात म्हणे? आणि उन्हाळ्यात फरशीवर पालथी पडलेली दिसली, आजारी असेल का?

आपल्या खारी शीतनिद्रा घेत नाहीत, वर्षभर कामावर असतात, थंडीत जरा उशिरा उठतात इतकंच. मुसळधार पावसात घरट्यात बसून राहतात. फरशीवर चारी पाय पसरून पोट टेकवून पडलेली खार आजारी नसते, अंगातली उष्णता गार फरशीत सोडत असते. तुम्ही जवळ गेलात आणि ती पळाली तर सगळं ठीक. पळाली नाही, मान वाकडी आहे, तोंडाशी रक्त आहे तर प्रश्न ९ मधली हेल्पलाइन.

१५. पाठीवरचे पट्टे रामाची बोटं, मग शास्त्र काय म्हणतं?

सेतू बांधताना खार वाळूत लोळायची, अंगाला चिकटलेली वाळू सेतूवर नेऊन झटकायची, रामाने प्रेमाने पाठीवरून हात फिरवला आणि बोटांचे ठसे उमटले. "खारीचा वाटा" हा शब्द आपण ऑफिसच्या वर्गणीपासून पूरग्रस्तांच्या मदतीपर्यंत रोज वापरतो तो इथूनच आला. शास्त्राचं म्हणणं असं की फांद्यांमधून पडणाऱ्या ऊन-सावलीच्या कवडशांत पट्ट्यांमुळे अंगाचा आकार मोडून जातो आणि वरून बघणाऱ्या शिक्र्याला खार चटकन सापडत नाही. मला दोन्हीत भांडण दिसत नाही. पट्ट्यांनी तिला शिक्र्यापासून वाचवलं आणि गोष्टीने माणसापासून, शहरात तिला दोन्हीची गरज पडते.

१६. मी न्यू जर्सीत असते. इथल्या करड्या खारी मोठ्या का, आणि त्याही अशाच आपोआप शहरात आल्या का?

ती जातच वेगळी, अर्धा किलोच्या आसपासची, आणि थंडीसाठी बिया जमिनीत ठिकठिकाणी पुरून ठेवणारी. तिची कहाणी मात्र उलटी आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या शहरांमधून ती जवळपास नाहीशी झाली होती, मग माणसांनी मुद्दाम आणून सोडली, फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन स्क्वेअरमधे १८४७ ला तीन, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधे १८७७ ला. त्यांच्यासाठी झाडांवर खोकी टांगली, खाणं ठेवलं. २०१८ च्या गणनेत सेंट्रल पार्कमधे २,३७३ खारी असल्याचा अंदाज निघाला. इंग्लंडमधे हीच करडी खार १८७६ पासून सोडली गेली आणि तिथली मूळची लाल खार बहुतेक भागातून हटली, करडीबरोबर आलेल्या देवीसारख्या रोगाने लाल खारी मरतात. आपली पाच पट्ट्यांची खार पण अशी परदेशी गेलीये, ऑस्ट्रेलियात पर्थच्या प्राणिसंग्रहालयातून १८९८ ला बाहेर पडली आणि अजून त्या भागात आहे. म्हणून एक जागची खार उचलून दुसरीकडे सोडणं ही साधी गोष्ट नाही.

१७. सोसायटी झाडं छाटणारे. खारींचं काय?

शहरात झाड तोडायला परवानगी लागते, १९७५ चा महाराष्ट्राचा झाडांचा कायदा आहे, आणि छाटणीसाठीही पालिकेच्या उद्यान विभागाकडे आधी अर्ज द्या. त्यापलीकडे दोन गोष्टी कमिटीकडून मागून घ्या. एक, छाटणीच्या आदल्या दिवशी कुणीतरी दुर्बिणीने किंवा मोबाईलच्या झूमने फांद्यांच्या बेचक्यात गवत-काथ्याचे गोळे आहेत का बघेल. घरटं असलेली फांदी मागे ठेवता येते, कामगारांना सांगितलं तर ते ऐकतात, त्यांना पण पिल्लं पाडायची नसतात. दोन, जिथे दोन झाडांच्या फांद्या टेकतात ती एक तरी जागा सोडा. ती तोडली की खारीला खाली उतरून पार्किंग ओलांडावं लागतं, आणि पार्किंगमधे गाड्या आणि मांजरं. मांजर पाळणाऱ्यांना एवढंच सांगेन की पहाटे आणि पिल्लांच्या दिवसांत मांजर घरात ठेवा, शहरात खारी सगळ्यात जास्त मांजरामुळेच जातात.

१८. आम्ही नव्या टॉवरमधे राहायला आलोय, इथे एकही खार नाही. कुठून आणून सोडता येईल का?

नाही, आणू नका. आणलेली खार अनोळखी जागेत तिथल्या खारींकडून हाकलली जाते किंवा मांजराच्या तोंडी जाते, आणि पकडतानाच मागे तिची पिल्लं उपाशी राहू शकतात. कंपाउंडच्या कडेने उंबर, जांभूळ, बकुळ, शेवगा, करंज लावा, शेजारच्या सोसायटीच्या झाडांच्या जवळ, म्हणजे पाच-सहा वर्षांत फांद्या टेकतील. तोपर्यंत भिंतीवर काचा लावू नका, वेल चढू द्या.

आमच्या मागच्या रिडेव्हलपमेंटच्या बिल्डिंगला चार वर्षं एक खार नव्हती. मग आमच्या आंब्याची एक फांदी त्यांच्या कंपाउंडवर गेली, त्यांच्या वॉचमनदादांनी ती कापू दिली नाही, आणि गेल्या जानेवारीत सकाळी साडेआठला एक खार त्या फांदीच्या टोकाला येऊन बसली. तीन दिवस ती टोकापर्यंत यायची, ओरडायची, परत जायची. चौथ्या दिवशी उडी मारली. आता त्यांच्या पाण्याच्या टाकीखाली घरटं आहे, आणि आमचं नवीन पायपुसणं परत एका कोपऱ्यातून विरळ व्हायला लागलंय.